विद्युतवाहकता : पाण्याच्या अहवालातील एका शब्दाचा अर्थ आणि आपला व्यवहार

लातूर येथील एका औषधनिर्माता मित्राने मागील उन्हाळ्यात आपल्या कूपनलिकेच्या पाण्याचा तपासणी अहवाल मजकडे पाठविला. अहवालात सामू, काठिण्य, क्लोराइड इत्यादी नेहमीच्या रकान्यांबरोबर एक रकाना होता : "विद्युतवाहकता (क्षारता) २१४०". सोबत त्यांचा प्रश्न होता, "वैद्यराज, क्षारता इतकी असेल तर हे पाणी क्षारगुणी समजावयाचे काय? आणि यात सिद्ध केलेला काढा पित्तप्रकृतीच्या रुग्णास द्यावा की नाही?"

प्रश्न प्रामाणिक होता. बी.ए.एम.एस. होऊन वीस-बावीस वर्षे व्यवसाय केलेल्या आपल्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडेल, कारण ही संज्ञा आपल्या अभ्यासक्रमात कधी नीट समजावून सांगितली गेली नाही आणि आज मात्र ती सर्वत्र आढळते. पाण्याच्या अहवालात ती आहे, शेतकरी रुग्णाच्या खिशातील माती परीक्षणाच्या कागदावर आहे, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्याच्या तोंडी आहे आणि 'दोषमापक' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या यंत्रांच्या माहितीपत्रकातही आहे. म्हणून या एका शब्दाचा अर्थ व मर्यादा यांचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे. या विस्मरणाची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजलेली आहे. ती हकीकत पुढे येईल.

प्रथम 'क्षारता' या शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत 'क्षार' हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो. आपल्या शास्त्रात क्षार म्हणजे क्षरण करणारे, छेदन-भेदन-लेखन करणारे तीक्ष्ण द्रव्य. अपामार्गक्षार, यवक्षार, क्षारसूत्रावरील क्षार. शाळेतील रसायनशास्त्रात आम्ल आणि अल्कली यांच्या संयोगाने बनणारा पदार्थ तो क्षार. साधे मीठही या अर्थाने क्षारच. आणि बोलीत तर भांड्यावर बसणारा पांढरा थर, पाण्याचा मचूळपणा, सगळेच 'क्षार'. अहवालातील क्षारता या तिहींपैकी दुसऱ्या अर्थाची आहे, म्हणजे विरघळलेल्या लवणांचे प्रमाण. तिचा आपल्या क्षाराशी काही संबंध नाही. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सामू सांगतो, वाहकता नव्हे. मिठाचे पाणी अत्यंत वाहक असूनही त्याचा सामू ७ च्या आसपासच राहतो. आपल्या मराठवाड्यातील शेतकरी याबाबत आपल्याहून अधिक काटेकोर आहे. ज्या जमिनीत विद्राव्य लवणे साठली ती 'क्षारपड' आणि ज्या जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून सामू वाढला ती 'चोपण', असा स्पष्ट भेद तो करतो. पहिलीची वाहकता अधिक असते, दुसरीची अधिक असतेच असे नाही.

आता मूळ संज्ञा. विद्युतप्रवाह सहज वाहून नेणारे ते सुवाहक आणि तसे न करणारे ते दुर्वाहक, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. स्टीफन ग्रे या इंग्रज संशोधकाने १७२९ मध्ये विद्युत एका पदार्थातून दुसरीकडे वाहून जाते असे प्रयोगाने दाखविले, तेव्हापासून हा भेद मानला जातो. प्रवाहाला होणारा अडथळा म्हणजे रोध, त्याचे एकक ओहम. रोधाचा व्यस्त म्हणजे वाहकत्व. परंतु रोध हा वस्तूच्या आकारावर अवलंबून असतो. तार लांब केली की वाढतो, जाड केली की घटतो. द्रव्याचा स्वतःचा गुण सांगावयाचा तर आकार ठरवून घ्यावा लागतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाकृतीतून समोरासमोरच्या पृष्ठभागांदरम्यान मिळणारे वाहकत्व ती त्या द्रव्याची वाहकता होय. एका पेल्यातील पाण्याची वाहकता तीच, हौदातील पाण्याचीही तीच.

पूर्वी वाहकत्वाच्या एककाला 'म्हो' म्हणत. ओहम हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला की म्हो होतो, एवढीच त्याची व्युत्पत्ती. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने जर्मन अभियंता वेर्नर फॉन सीमेन्स याच्या नावाने 'सीमेन्स' हे एकक मान्य केले. पाण्यासाठी हे एकक फार मोठे पडते म्हणून त्याचा दशलक्षांश घेऊन 'मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर' असे लिहितात. कृषी प्रयोगशाळा 'डेसीसीमेन्स प्रति मीटर' लिहितात. त्याचा १ म्हणजे आपले १००० मायक्रोसीमेन्स. जुन्या अहवालात 'मिलिम्हो' दिसल्यास तेही तेच माप समजावे. एकक न वाचता आकडा वाचला तर २.१ आणि २१४० ही एकाच पाण्याची दोन मापे आहेत हे लक्षातच येत नाही.

धातूमध्ये विद्युत वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे. पाण्यात तसे नाही. निव्वळ शुद्ध पाणी जवळजवळ दुर्वाहक आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानास त्याची वाहकता केवळ ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. त्यात मीठ विरघळले की सोडियम व क्लोराइड यांचे भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि प्रवाह वाहून नेतात. फ्रीडरिश कोलराऊश याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा द्रावणांची वाहकता अचूक मोजण्याची रीत बसविली आणि प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे उचलतो हे दाखविले. स्वान्ते अऱ्हेनियस याने १८८४ च्या प्रबंधात द्रावणातील पदार्थ आयनांमध्ये विभागलेला असतो असे प्रतिपादन केले. तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केले आणि १९०३ मध्ये त्याच कार्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पावसाच्या पाण्याची वाहकता सामान्यतः काही दशकांत, बरी विहीर पाच-सातशेच्या घरात, आणि समुद्राचे पाणी सुमारे ५०,००० पर्यंत, अशी ही उतरंड आहे.

याचा अनुभव कोणालाही घेता येईल. बाजारात दोन-चारशे रुपयांत मिळणारा 'टी.डी.एस. पेन' घ्यावा. एक लिटर शुद्ध केलेल्या पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवून पेन बुडवावा; वाहकता सुमारे २००० दाखवील. दुसऱ्या एक लिटर पाण्यात मूठभर साखर विरघळवावी. आकडा होता तेथेच राहील. साखर विरघळली आहे, पाणी गोड झाले आहे, परंतु साखरेचे आयन होत नाहीत. यंत्र आयन पाहते, द्रव्य पाहत नाही. या एका प्रयोगात या लेखातील निम्मा भाग आला असे म्हणावयास हरकत नाही.

ज्याला आपण टी.डी.एस. म्हणतो ते, म्हणजे एकूण विरघळलेले घन पदार्थ, हा पेन मुळी मोजतच नाही. खरे मोजमाप करावयाचे तर गाळलेले पाणी आटवून उरलेले कोरडे अवशेष तोलावे लागतात. पेन वाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवितो. हा गुणक पाण्यातील लवणांच्या प्रकारानुसार सुमारे ०.५५ ते ०.७ पर्यंत बदलतो आणि पेन तयार करणारे आपापल्या पसंतीचा घेतात, कोणी ०.५, कोणी ०.६४, कोणी ०.७. लातूरच्या त्या २१४० वाहकतेच्या पाण्याला एक पेन १०७० म्हणेल, दुसरा १३७० आणि तिसरा १५०० च्या जवळ. तिन्ही पेन ठीक असून तिन्ही आकडे वेगळे! म्हणून नोंदवहीत वाहकताच लिहावी, टी.डी.एस. लिहावयाचे असल्यास गुणकासह लिहावे. तापमानाचाही परिणाम मोठा आहे. दर अंशास वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात गच्चीवरील टाकीतील ३८ अंशांचे पाणी तापमानाची दुरुस्ती न करणाऱ्या यंत्रावर पंचवीस टक्के अधिक दाखविते. तेच पाणी सावलीत गार करून मोजले की मालक म्हणतो, पाणी सुधारले!

लातूर आणि पाणी म्हटले की २०१६ चा उन्हाळा आठवल्यावाचून राहत नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणण्यात आले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या काळात ज्यांच्याकडे सोय होती त्यांनी कूपनलिका खोल, आणखी खोल नेल्या. खडकात दीर्घकाळ साठून राहिलेले पाणी सामान्यतः अधिक लवणे घेऊन वर येते. जारचे पाणी आणि घरोघरी आर.ओ. यंत्रे ही त्याच काळात रुळलेली सवय पुढे कायम झाली. त्याबरोबर विक्रेतेही आले.

या विक्रेत्यांचा एक प्रयोग अनेक वाचकांनी पाहिला असेल. दोन पेले मांडले जातात, एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले उपकरण बुडवून विद्युतप्रवाह सोडला जातो. दोन मिनिटांत आपले पाणी हिरवट, तपकिरी, काळपट होते, वर गाळ तरंगतो. यंत्राचे पाणी स्वच्छ राहते. "बघा डॉक्टरसाहेब, आपण हे पीत होता." वस्तुस्थिती अशी की तो गाळ पाण्यातील नसून कांडीतील लोखंडाचा आहे. पाणी वाहक असल्यामुळे प्रवाह वाहतो, लोखंडाची कांडी झिजून पाण्यात उतरते आणि तिचा गाळ होतो. आर.ओ. च्या पाण्यात आयन अत्यल्प, म्हणून प्रवाह नाही, म्हणून झीज नाही. माझ्या दवाखान्यात हा खेळ झाला तेव्हा मी यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा प्रवाह सोडण्यास सांगितले. तेही पाणी क्षणात काळे झाले. विक्रेता तरुण होता, त्याला स्वतःलाही कारण ठाऊक नव्हते. त्याला चहा पाजून पाठविले. कोलराऊशने मोजमापासाठी एकदिश प्रवाह न घेता प्रत्यावर्ती प्रवाह घेतला तो ध्रुवांपाशी घडणाऱ्या असल्याच क्रिया टाळण्यासाठी.

आता औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने मुख्य भाग. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट 'टी' मध्ये निर्मितीसाठी वापरावयाचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे असे म्हटले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००, २०१२) विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत सूट आहे. लातूरच्या त्या पाण्यात १३७० धरले तर ते या सवलतीत बसते. कागदोपत्री प्रश्न मिटला. परंतु आपण पाणी पीत नाही, आटवितो.

क्वाथकल्पनेत द्रव्याच्या मृदु-मध्य-कठीण भेदानुसार चौपट, आठपट, सोळापट पाणी घेऊन चतुर्थांश वा अष्टमांश उरवितात. वाफ जाते ती केवळ पाण्याची. लवणे भांड्यातच राहतात. घनवटीसाठी तर आपण शेवटपर्यंत आटवितो. हिशेब करून पाहू. एक किलो भरडीस सोळा लिटर पाणी घेतले असे धरू. लिटरला १३७० मिलिग्रॅम म्हणजे सोळा लिटरांत जवळजवळ २२ ग्रॅम लवणे. त्यांतील कॅल्शियमचा काही भाग उकळताना भांड्याच्या बुडाशी पांढरा थर होऊन बसेल. त्यापायी एक तृतीयांश वजा केला तरी सुमारे १५ ग्रॅम काढ्यात राहतील. भरडीतून १२० ग्रॅम सत्त्व उतरले, तर हाती आलेल्या १३५ ग्रॅम घनात १५ ग्रॅम कूपनलिकेची लवणे आहेत. नऊ गोळ्यांपैकी एक गोळी औषधाची नसून भूगर्भाची, असे म्हणता येईल. मालकाला उतारा चांगला दिसतो, म्हणून तो खूशही असतो. पुढे प्रयोगशाळेत राखेचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की दोष भरडीतील मातीला किंवा वनौषधी विकणाऱ्याला दिला जातो. माझ्या माहितीतील दोन ठिकाणी असेच झाले होते; पुरवठादार बदलले, राख बदलली नाही.

म्हणून क्वाथासाठी, विशेषतः घन आणि रसक्रियेसाठी, कमी वाहकतेचे पाणी घेणे ही चैन नव्हे. आधुनिक औषधनिर्मितीत तर या गोष्टीला फार महत्त्व आहे. अमेरिकेच्या औषधकोशात शुद्धीकृत पाण्याची पहिल्या पायरीची मर्यादा २५ अंशास १.३ मायक्रोसीमेन्स इतकी कडक आहे. काढ्यासाठी आपल्याला तेथवर जाण्याचे प्रयोजन नाही. शंभराच्या आत असले तरी वरील हिशेबातील १५ ग्रॅमचे एक ग्रॅमसुद्धा उरत नाहीत.

वाहकतामापकाचा आणखी एक उपयोग मला रसशास्त्राच्या कामात फार सोयीचा वाटला, तो सांगावासा वाटतो. वंगाचे अपामार्गाच्या चूर्णात जारण केल्यानंतर ते क्षाररहित होईपर्यंत पाण्याने पुनःपुन्हा धुतात. 'क्षाररहित' झाले हे ठरविण्यासाठी आपण जीभ लावतो वा लिटमस कागद वापरतो. दोन्ही ठीक आहेत, पण स्थूल आहेत. प्रत्येक धुण्याचे निथळलेले पाणी पेनाने मोजावे. पहिल्या पाण्यात आकडा हजारांत असतो, मग तो भराभर उतरतो, नंतर सावकाश. निथळलेल्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या आकड्याशी येऊन मिळाला की धुणे संपले. यात अट एवढीच की ताजे पाणीच २१४० चे नसावे. तसे असल्यास शेवटचा टप्पा कळतही नाही आणि वंग सुकल्यावर पाण्याचीच लवणे त्यात राहून जातात. शेवटची दोन-तीन धुणी तरी शुद्ध केलेल्या पाण्याने करावीत. येथे 'क्षार' हा शब्द आपल्या अर्थाने आणि प्रयोगशाळेच्या अर्थाने, दोन्हींनी, एकदाच खरा ठरतो!

येथवर वाहकतेची बाजू झाली. आता तिला काय दिसत नाही ते.

काही वर्षांपूर्वी किनवट तालुक्यातील एका गावातून एक गृहस्थ माझ्याकडे येऊ लागले. वय पन्नाशीचे, व्यवसाय शेती. कंबर व मान आखडलेली, गुडघे दुखणारे, सकाळी विशेष स्तब्धता, अग्नी मंद. आमवाताची चिकित्सा योजिली. लंघन, दीपन, शुंठीसिद्ध जल, आणि सोबत अर्धावशेष उष्णोदक, म्हणजे पाणी निम्मे आटवून तेच दिवसभर पिणे. पाणी कसे आहे हेही मी विचारले, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. त्यांनी बाटलीत हातपंपाचे पाणी आणले. पेन बुडविला, ४८० आला. पाणी चवीला गोड होते. "उत्तम पाणी आहे, काळजी करू नका", असे मी सांगितले. पाच महिने चिकित्सा चालली. आरंभी थोडे बरे वाटले, पुढे स्तब्धता वाढतच गेली.

एकदा त्यांच्याबरोबर नातू आला. तो हसला तेव्हा त्याच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे दिसले. मग गावातील इतर मुलांविषयी विचारले. "सगळ्यांचेच तसे आहेत, आमच्याकडे दात असेच येतात," असे उत्तर मिळाले. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला. फ्लोराइड लिटरला ३.४ मिलिग्रॅम आले. मानकाप्रमाणे १.० स्वीकार्य आणि १.५ ही शेवटची मर्यादा.

पेन खोटे बोलला नव्हता. ३.४ मिलिग्रॅम फ्लोराइडमुळे, त्याच्या जोडीचे सोडियम धरूनही, वाहकतेत सुमारे १८ मायक्रोसीमेन्सची भर पडते. साडेसातशेच्या आकड्यात अठरा म्हणजे पेनाच्या चुकीइतकेच. शिवाय फ्लोराइड अधिक असलेल्या पाण्यात बहुधा कॅल्शियम कमी असते, त्यामुळे ते मऊ, चवदार असते. त्यात डाळही चांगली शिजते. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा असला तरी किनवट, बिलोली, देगलूर या बाजूंस ग्रॅनाइट व नाइस हे प्राचीन खडक वर येतात, आणि फ्लोराइड असणारी खनिजे या खडकांत आढळतात. खडक कोठला आहे हे विचारणे पेन बुडविण्याहून अधिक उपयोगी ठरले असते.

आणि मी काय केले होते? तेच पाणी निम्मे आटवून प्यावयास सांगितले होते. उकळल्याने फ्लोराइड उडून जात नाही. निम्मे उरले की प्रमाण दुप्पट, ३.४ चे जवळजवळ ७. आरोग्यांबू म्हणून चतुर्थांश सांगितले असते तर तेरा-चौदा झाले असते. अस्थिगत विकार लिटरला ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ पोटात गेल्याने होऊ शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच महिने मी त्या गृहस्थांच्या रोगाला खतपाणी घालीत होतो, तेही ग्रंथोक्त कल्पनेने. ही गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या आधी तर कुणी पाणी मागितलंसुद्धा नव्हतं." त्या वाक्याने मला बरे वाटले नाही. पाणी बदलल्यावर वेदना बऱ्याच उतरल्या. मानेचा ताठरपणा गेला नाही, तो आता जाणारही नाही.

उष्णोदकाची कल्पना यात दोषी नाही. पावसाच्या, नदीच्या, बऱ्या विहिरीच्या पाण्याविषयी ती सांगितलेली आहे आणि तेथे ती आजही तितकीच युक्त आहे. परंतु कूपनलिकेच्या पाण्यावर आटवण सांगण्यापूर्वी फ्लोराइड आणि नायट्रेट यांचा अहवाल पाहावा. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सूट नाही. जंतूंच्या भीतीने पाणी उकळावयाचे असल्यास झाकण ठेवून उकळी आणणे पुरे, आटविण्याची गरज नाही. आणि जंतू? ते तर वाहकतेला मुळीच दिसत नाहीत. उघड्या नालीचे पाणी झिरपलेल्या विहिरीचा आकडा ४०० असू शकतो आणि निर्मळ पण खाऱ्या विहिरीचा २०००.

सुश्रुताचार्यांनी पाण्याचे दोष स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा प्रकारचे सांगितले आहेत. यांतील पहिले चार इंद्रियगम्य, शेवटचे दोन परिणामावरून कळणारे. वाहकता ही फार तर रसाच्या जवळ जाते. वीर्य-विपाकाचा दोष, म्हणजे पाणी प्याल्यानंतर देहात काय होते, तो नातवाच्या दातांवर लिहिलेला होता. त्याच अध्यायातील जलप्रसादनाची द्रव्येही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कतक म्हणजे निवळीच्या बिया उगाळून टाकल्या की गढूळपणा खाली बसतो, वस्त्राने गाळल्यास कचरा जातो. विरघळलेली लवणे मात्र तशीच राहतात. पेनावर आधी आणि नंतर तोच आकडा येतो. याचा अर्थ निवळी निरुपयोगी असा नव्हे, तिचे काम वेगळे. फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुना वापरण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली, घरगुती आर.ओ. यंत्रही फ्लोराइड बऱ्याच अंशी काढते. म्हणजे ज्या यंत्राच्या विक्रेत्याला मी चहा पाजून परत पाठविले, तेच यंत्र किनवटच्या त्या घरात मीच बसवावयास लावले. यंत्र वाईट नव्हते, समजावण्याची रीत खोटी होती.

त्वचेच्या वाहकतेवरून वात-पित्त-कफांची टक्केवारी काढणाऱ्या यंत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात फार काही नाही. त्वचेची वाहकता खरोखर बदलते; घामाच्या ग्रंथी आणि मनाचा क्षोभ यांच्याशी तिचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे. परंतु हात ओला आहे की कोरडा, कांडी किती जोराने दाबली, खोली गरम की थंड, यांवरही ती तितकीच बदलते. अशा एका यंत्राचे प्रात्यक्षिक मी पाहिले. एकाच माणसाची अर्ध्या तासात तीनदा तपासणी करावयास लावली, तीन प्रकृती निघाल्या. तिसऱ्या वेळी त्याने हात धुतले होते. किंमत एका छोट्या दवाखान्याच्या वर्षभराच्या भाड्याइतकी होती.

पेन घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तो वेळोवेळी प्रमाणित द्रावणात तपासावा. यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे जे द्रावण सर्रास मिळते त्याची वाहकता २५ अंशास १४१३ मायक्रोसीमेन्स असते. आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळ्यानंतर, नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पूर्ण तपासणीसाठी द्यावा. रोजच्या वहीत वाहकता, सहामाही कागदावर फ्लोराइड, नायट्रेट, काठिण्य आणि जंतू. वाहकतेचा आकडा अचानक बदलला तर मात्र सहामाहीची वाट पाहू नये. तो आकडा काय बिघडले हे सांगत नाही, पण काहीतरी बदलले हे सर्वांत आधी सांगतो.

लातूरच्या मित्रांना मी कळविले ते असे. आपले पाणी क्षारगुणी नाही, लवणयुक्त आहे. पित्तप्रकृतीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. फरशा, भांडी यांसाठी खुशाल वापरा. क्वाथ, घन आणि भस्मांची अखेरची धुणी यांसाठी वापरू नका. आर.ओ. बसविणार असाल तर बाहेर पडणारे पाणी फरशांसाठी साठवा, त्याची वाहकता मूळ पाण्याहून अधिक असते, ते झाडांना घालू नका. आणि कारखान्याचे छप्पर हजार चौरस फुटांचे आहे. लातुरात एका वर्षी ७०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील चार पंचमांश जरी टाकीत घेता आला, तरी बावन्न हजार लिटर आंतरिक्ष जल मिळते. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्या.

त्यांनी श्रावणात टाकी बांधून घेतली. परवा दूरध्वनी आला : टाकीतील पाण्याची वाहकता ४२, आणि गुळवेल घनाचा उतारा पूर्वीपेक्षा कमी पडतो आहे, काही चुकते आहे काय? वरचा हिशेब त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखविला.